तेलाचा डबा किती दिवस पुरावा?



या सदरातून आपण नेहमी बेणे, पाचट, खोडवा आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी बोलतो. या अंकात ऊस थोडा बाजूला ठेवून ताटाविषयी लिहावयाचे आहे. शेतकी खात्याच्या माणसाने स्वयंपाकघरात कशाला शिरावे, असे कोणी म्हणेल. पण तेल हे शेवटी बीच्या पोटातून निघते आणि बी आपल्याच रानात पिकते, निदान पिकत होते. तेव्हा हा विषय माझ्या हद्दीत येतो, असे मी धरून चालतो.

निमित्त असे की मी राहतो नागपुरात, सक्करदऱ्याला. मेडिकल तिथून जवळ. त्यामुळे तपासणीला आलेले आपले सभासद परतताना घरी डोकावून जातात. हातात रक्ततपासणीचा कागद असतो. हा कागद पूर्वी म्हाताऱ्या माणसांच्या हातात दिसायचा, आता चाळिशी-पंचेचाळिशीच्या मंडळींच्या हातातही दिसतो. प्रश्न ठरलेला, "साहेब, आता तेल पुरंच बंद करू का जी?" काहींचा सूर उलटा असतो, "आमच्या बुढ्यानं जिंदगीभर तेलातुपात खाल्लं, त्याले काही झालं नाही, मंग आमालेच काहून?" दोन्ही बोलण्यांत थोडे खरे आहे आणि थोडे फसवे आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी डॉक्टर नव्हे. ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांनी हा लेख वाचून एकही गोळी बंद करू नये. मी सांगणार आहे ते घरच्या रोजच्या तेलाविषयी.

तेल पूर्ण बंद का करू नये

पिठूळ पदार्थ किंवा डाळीतील प्रथिने यांच्या एका ग्रॅमपासून शरीराला ४ उष्मांक मिळतात, तर स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमपासून ९. म्हणजे दुपटीहून जास्त. कष्टाच्या माणसाला थोडक्या जेवणात ताकद देणारी याच्यासारखी दुसरी वस्तू नाही. पण एवढ्यावर त्याचे काम संपत नाही. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्धातच विरघळतात. पालक, मेथी, लाल भोपळा, गाजर यांत अ जीवनसत्त्व तयार करणारे द्रव्य भरपूर असते, पण भाजी नुसती पाण्यात उकडून खाल्ली तर त्यातले फार थोडे अंगी लागते. आपल्या आया-बहिणी पालेभाजीला फोडणी देतात ती काही नुसत्या चवीसाठी नव्हे.

शिवाय दोन मेदाम्ले अशी आहेत की ती आपले शरीर स्वतः बनवू शकत नाही, जेवणातूनच यावी लागतात. एक लिनोलेइक आणि दुसरे अल्फा-लिनोलेनिक. पिकाला जसे जस्त किंवा लोह थोडेच लागते, पण नसले तर पान पिवळे पडते, तसेच यांचे आहे. मेंदू, डोळा, पेशींचे आवरण, सगळीकडे त्यांचे काम आहे. म्हणून दोन वर्षांखालच्या लेकराचे तेल-तूप कधीही तोडू नये. बापाच्या कागदावर आकडे वाढले म्हणून लेकराच्या वरणातले तूप बंद केलेले घर मी पाहिले आहे. हे अगदी चूक.

सरळ ऊस आणि लोळलेला ऊस

संपृक्त, असंपृक्त हे शब्द आता तेलाच्या पिशवीवर छापलेले असतात. त्यांचा अर्थ ऊस भरणाऱ्या माणसाला चटकन कळेल. उभा, सरळ ऊस ट्रॉलीत कसा दाबून बसतो! तोच पावसाळ्यात लोळून वाकडा झालेला ऊस कितीही रचा, मध्ये पोकळी राहते आणि ट्रॉली वजनाला हलकी भरते. स्निग्धाच्या कणात कार्बनच्या लांब साखळ्या असतात. संपृक्त मेदाम्लाची साखळी सरळ असते, म्हणून ती दाटीने बसते आणि पदार्थ गोठतो. तूप आणि खोबरेल थंडीत गोठतात ते यामुळे. असंपृक्त मेदाम्लाची साखळी एक, दोन किंवा तीन ठिकाणी वाकलेली असते. ती दाटीने बसत नाही, म्हणून फल्लीचे, करडईचे, जवसाचे तेल पातळ राहते.

आता वनस्पती तूप. डालडा आपल्याकडे १९३७ साली बाजारात आला. पातळ तेलात हायड्रोजन वायू सोडून ते तुपासारखे घट्ट करावयाचे, ही त्याची युक्ती. पण ही क्रिया अर्धवट झाली की काही साखळ्या असंपृक्त राहूनही सरळ होतात, जणू वाकडा ऊस जबरदस्तीने सरळ केलेला. यांना ट्रान्स मेदाम्ले म्हणतात. ही रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे कागदावरचे एलडीएल, वाढवतात आणि चांगले एचडीएल कमी करतात. संपृक्त मेदाम्ले जास्त झाली तर एलडीएल वाढते, पण ट्रान्स त्याहून वाईट. सरकारने खाद्यतेलांतील आणि वनस्पतीतील ट्रान्सची मर्यादा उतरवीत उतरवीत १ जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली. हे चांगले झाले. पण बेकरीचा माल, स्वस्त फरसाण, आणि दुकानात पुनःपुन्हा तापवलेल्या तेलाचे तळण यांवर डोळा ठेवावाच लागतो.

किती

आता मुख्य मुद्दा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकांप्रमाणे वरून घातलेले तेल-तूप मिळून बैठ्या कामाच्या पुरुषाला दिवसाला २५ ग्रॅम, मध्यम कष्टाच्या पुरुषाला ३० आणि भारी कष्टाच्या पुरुषाला ४० ग्रॅम पुरते. बाईला याच क्रमाने २०, २५ आणि ३०. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला ३०. शेंगदाणा, तीळ, दूध, डाळ यांच्या पोटात असलेले स्निग्ध यात धरलेले नाही, ते वेगळे मिळतच असते.

आता वरच्या सभासदाच्या बुढ्याचे बघू. तो पहाटे वखराला जात होता, पायी बाजार करीत होता. त्याला ४० ग्रॅम पचत होते. वडे, पुऱ्या, सांबारवडी सणासुदीलाच होत. आणि त्याला काही झाले नाही हे तरी कोणी तपासले होते? त्या काळी माणूस कशाने गेला याचा कागद निघत नव्हता. आज त्याचा मुलगा मोटरसायकलने बांधापर्यंत जातो, मोटार मोबाईलवरून चालू करतो, आणि सकाळी चौकात तर्रीपोहे, संध्याकाळी भजी. कष्ट बैठ्या माणसाचे आणि तेल नांगऱ्याचे, अशी ही गोष्ट आहे.

उलट टोकाला आपल्या फडातला तोडणीवाला आणि त्याची बाई. दिवसभर कोयता, मोळ्या, चढ-उतार. त्यांना ४० आणि ३० ग्रॅमची गरज आहे. पण त्यांच्या फडक्यात पाहा, कोरडी भाकरी, मिरचीचा ठेचा, फार तर एखादी पातळ भाजी. त्यांना "तेल कमी खा" म्हणणे म्हणजे उपाशी माणसाला लंघन सांगणे. मुकादमाने आणि शेतकऱ्याने तोडणी चालू असेपर्यंत दाण्याचा कूट, गूळ-शेंगदाणे यांची सोय केली तर ते परोपकार म्हणून नव्हे, कामाचा हिशेब म्हणूनही परवडते.

चमच्याने मोजून कोणी स्वयंपाक करीत नाही, आणि घरच्या बाईला ते सांगूही नये. त्यापेक्षा डब्याचा हिशेब धरावा. घरात पाच मोठी माणसे असली आणि सरासरी ३० ग्रॅम धरले तर दिवसाला १५० ग्रॅम तेल झाले. म्हणजे १५ किलोचा डबा १०० दिवस पुरला पाहिजे. डबा १५ लिटरचा असेल तर तेल साधारण साडेतेरा किलोच भरते, तो ९० दिवस जावा. डबा फोडला त्या दिवशी खडूने त्यावर तारीख लिहा. पन्नास-साठ दिवसांत खडखडाट होत असेल तर डॉक्टरकडे न जाताही उत्तर मिळाले. तूप जास्त चालत असेल तर तेही याच हिशेबात धरावे. गोळाभातावर फोडणीचे तेल ओतताना हात सैल सुटतो, हे आपण सगळेच जाणतो.

कोणते

"सगळ्यात चांगले तेल कोणते?" याला एका शब्दात उत्तर नाही. फल्लीच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओलेइक, तीस टक्क्यांच्या आसपास लिनोलेइक. करडईत लिनोलेइक तीन चतुर्थांशाच्या घरात. तिळात दोन्ही साधारण सारखी. सरकीच्या तेलात पाव हिस्सा संपृक्त, पाम तेलात जवळजवळ निम्मा, तुपात साठ टक्क्यांच्या वर, खोबरेलात नव्वदच्या आसपास. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त आज बाहेरून येते आणि त्यात पामचा वाटा मोठा आहे. पाम तेल म्हणजे विष नव्हे. पण बिस्किटात, फरसाणात तेच, आणि घरच्या कढईतही तेच, असे झाले की संपृक्ताचा हिस्सा न कळत वाढतो. वरणभातावर चमचाभर तूप मात्र बाकीचा हिशेब ठीक असेल तर खुशाल घ्यावे. तुपाला सरसकट गुन्हेगार ठरवणे मला पटत नाही.

यात एक उणीव राहते. फल्ली, तीळ, करडई, सूर्यफूल, सरकी या सगळ्यांत ते दुसरे आवश्यक मेदाम्ल, अल्फा-लिनोलेनिक, जवळजवळ नाहीच. सोयाबीनच्या तेलात सुमारे ७ टक्के आहे, म्हणून ज्यांच्या घरी सोयातेल चालते त्यांचे थोडेफार भागते. पण याची खरी खाण म्हणजे आपल्या विदर्भाचे जवस. जवसाच्या तेलात निम्मा किंवा त्याहून जास्त हिस्सा याच मेदाम्लाचा. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत ओल असतानाच जवस फेकून उतेरा घेण्याची रीत जुनी. नागपुरात हलबा-कोष्टी घरांतला जुना सावजी रस्सा जवसाच्या तेलातच होत असे. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसावर संशोधन चालते, एनएल-९७, एनएल-२६० हे वाण तिथलेच. सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात जवस मागितले तर आजही कोणी तोंडाकडे बघत नाही. आणि आपण मात्र हीच वस्तू शहरातल्या दुकानात छोट्या बरणीत इंग्रजी नावाने महाग घेतो!

जवसाचे तेल वापरताना एक अडचण आहे. त्यातली साखळी तीन ठिकाणी वाकलेली, म्हणून ती हवेशी लवकर झटते आणि तेल खवट होते. याच गुणामुळे ते रंगात आणि वार्निशात वापरतात, लाकडावर वाळून बसते. खाण्यासाठी ते ताजे आणि थोडेच काढावे, आणि तळणासाठी वापरू नये. त्यापेक्षा आपली जवसाची चटणी बरी. जवस मंद भाजावे, कुटावे, लसूण-तिखट-मीठ घालावे. आख्खे जवस खाल्ले तर बरेचसे तसेच बाहेर पडते, म्हणून कुटणे महत्त्वाचे. माणशी रोज १० ग्रॅम, म्हणजे दोन-तीन लहान चमचे चटणी, यातून दोन ग्रॅमच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक मिळते. एवढे दिवसाला पुरे. चटणी आठवड्याचीच करावी, महिन्याची नको.

घाण्याचे की रिफाइंड

हा वाद हल्ली जोरात आहे आणि त्यात दोन्हीकडून अतिशयोक्ती होते. आपण कारखान्यात रसाला चुना देतो, गंधकाचा धूर देतो, निवळतो आणि निर्वात पॅनमध्ये शिजवतो. तेलाचेही तसेच. आधी गोंद काढतात, मग कॉस्टिक सोड्याने आम्लता मारतात, विशिष्ट मातीतून रंग काढतात आणि शेवटी निर्वात भांड्यात दोनशे अंशांच्या वर वाफ देऊन वास घालवतात. यात ई जीवनसत्त्वासारखी काही चांगली द्रव्ये कमी होतात, पण मेदाम्ले तीच राहतात. बुरशीचे विष, खराब वासही निघून जातो. घाण्याच्या तेलात चव आणि ती द्रव्ये टिकतात, पण दाणा खराब असेल तर त्याचा दोषही तेलात उतरतो. म्हणून घाण्यावर नेण्याआधी काळे पडलेले, सुरकुतलेले, बुरशी लागलेले दाणे हाताने निवडून काढलेच पाहिजेत. त्या बुरशीतील अफ्लाटॉक्सिन यकृताला फार घातक असते. असे दाणे गाईलाही घालू नयेत. ते पेंडेतून दुधात उतरते.

घाण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. १९३४ साली गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला, त्याचे ठाणे आपल्या शेजारी वर्ध्याला, मगनवाडीत. तिथे झवेरभाई पटेल यांनी बैलघाण्यात सुधारणा केल्या आणि तो घाणा पुढे 'वर्धा घाणी' म्हणून ओळखला गेला. मध्ये घाणे बंद पडले, तेली समाजाचे किती तरी लोक दुसऱ्या धंद्याला गेले. आता विजेवरचे लाकडी घाणे पुन्हा दिसू लागले आहेत. तेव्हा आपला दाणा आपल्यासमोर गाळून घेणे आज पुन्हा शक्य आहे.

दोन क्विंटल शेंगांचा हिशेब

आता शेतीकडे येऊ. पाच माणसांच्या घराला दिवसाला १५० ग्रॅम, म्हणजे वर्षाला ५५ किलो तेल लागते. एक क्विंटल वाळलेल्या शेंगांतून ७० किलो दाणे निघतात आणि घाण्यावर त्यांतून ४० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २८ किलो तेल. याचा अर्थ दोन क्विंटल शेंगांत घरचे वर्षाचे तेल. वर ८० किलोच्या आसपास पेंड गोठ्याला. सगळे दाणे एकदम गाळू नयेत. शेंगा वाळवून ठेवाव्यात आणि दोन-अडीच महिन्यांनी लागेल तसे गाळावे. गाळलेले तेल चार-पाच दिवस स्थिर ठेवून गाळ खाली बसू द्यावा, मग झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरून उजेडापासून दूर ठेवावे.

या दोन क्विंटलांसाठी वेगळे रान नको. सुरू उसात, साडेचार फुटी सरीत किंवा जोडओळ पद्धतीच्या पट्ट्यात थंडी ओसरल्यावर भुईमूग टोकावा. उपटा आणि लवकर येणारा वाण घ्यावा. ट्रॉम्बे आणि अकोला यांनी मिळून काढलेला टीएजी-२४ यासाठी सोयीचा, उन्हाळ्यात चार महिन्यांच्या आत निघतो. म्हणजे मोठ्या बांधणीच्या आधी रान मोकळे होते आणि वेल उसाच्या सरीतच गाडता येतो. मात्र भुईमुगाची खते उसाच्या मात्रेतून कापू नयेत, दोघांचेही नुकसान होते. जवस वेगळे घ्यावे. ओलिताखाली दोन-तीन गुंठे रब्बीत पेरले तरी पाच माणसांना लागणारे अठरा-वीस किलो मिळते.

एक बोलणे जरा अवघड आहे, कारण ही पत्रिका साखर कारखान्याची. काही मंडळी तेल कमी करतात आणि त्या जागी गोड चहा, मैद्याचे टोस्ट, बिस्किटे वाढवतात. याने कागद सुधारत नाही. उलट ट्रायग्लिसराइडचा आकडा वर जातो. संपृक्त स्निग्ध कमी करून त्या जागी फल्ली, तीळ, जवस, डाळ, भाजी आली तर फायदा, साखर आणि मैदा आला तर नाही. आपली साखर विकली जावी हे मलाही हवेच आहे, पण सभासदाच्या पोटातून नव्हे.

दिवाळीच्या तळणाबद्दल दोन शब्द. कढईतून धूर निघेपर्यंत तेल तापवू नये. एकदा तळलेले तेल गाळून दोन-चार दिवसांत फोडणीला संपवावे, पुन्हा तळणाला वापरू नये आणि ताज्या तेलात मिसळू नये. वापरून वापरून तेलात ध्रुवीय संयुगे म्हणतात ती खराब द्रव्ये साठतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्यास अयोग्य, असा नियम १ जुलै २०१८ पासून हॉटेलवाल्यांना लागू आहे. घरी तपासणीचे यंत्र नसते, पण तेल काळपट, चिकट झाले, फेस धरू लागले की समजावे.

येत्या सुरू हंगामात ज्यांना उसात भुईमूग घ्यावयाचा आहे त्यांनी लागणीची नोंद देतानाच गटाच्या चिटबॉयला तसे सांगावे आणि नोंदीसमोर लिहून घ्यावे. अ‍ॅट्राझिन किंवा २,४-डी फवारलेल्या सरीत भुईमूग टिकत नाही. त्यामुळे ही नोंद तणनाशकाची फवारणी होण्याआधी आमच्याकडे पोहोचावयास हवी. आंतरपिकाच्या प्लॉटमध्ये खुरपणी करावी लागेल, तिची तयारी ठेवूनच नोंद द्यावी.

— ऊस विकास अधिकारी